नववी ब, अर्धी इथं अर्धी तिकडं

बत्तीस जण बाकांवर,
अकरा जण टीव्हीत.
टीव्ही गलाईवाल्यांनी वर्गणी काढून दिलेला,
खाली त्यांची नावं ऑइलपेंटनं,
एक नाव दोनदा आलंय, ते कुणी खोडलं नाही.

हजेरी घेते.
बाकांवरचे छताला लागेल असं "हजर" म्हणतात,
टीव्हीतले ठिपके हिरवे होतात.
कोइमतूर हिरवं. वारंगळ हिरवं. कटक
येतं, जातं, येतं.
त्रिचूर, म्हणजे हर्षवर्धन हसबे,
कायम हिरवा, कायम म्यूट,
बोटानं झाकल्यासारखा काळा चौकोन.

विट्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं,
दर सात मिनिटांनी प्रश्न विचारा,
अंगठा वर करायला लावा.
मी घड्याळ लावून विचारते.
अंगठे येतात.
एकदा म्हटलं, पृथ्वी चौकोनी आहे, कळलं?
नऊ अंगठे वर आले.
बाकांवरून तेवढेही नाहीत.
संकेत बुधावले खिडकीतून
मैदानातल्या शेळ्या मोजत होता.
(नंतर विचारलं, तर आकडा बरोबर सांगितला.)

त्या मंगळवारी द्रवणांक.
फळ्यावर बर्फ, मेण, शिसं, सोनं.
सोनं एक हजार चौसष्ट.
आकडा मला पाठ.
वितळताना मी ते कधी पाहिलेलं नाही.
गळ्यातलं सोडलं तर सोन्याशी माझा संबंध
पतपेढीच्या तारणापुरता.

सात मिनिटं झाली. प्रश्न सुचेना,
म्हणून खरंच विचारलं,
वितळायच्या आधी कसं दिसतं रे? कुणी बघितलंय?

टीव्ही खरखरला.
हर्षवर्धनचा आवाज
(फुटलाय आता, गावातून गेला तेव्हा बारीक होता):
"मॅडम, आधी रुसतं."

वर्ग हसला. तो बोलतच राहिला,
"बराच वेळ काही होतच नाही.
टाकणखार टाकायचा. आच सोडायची नाही,
आणि सारखं ढोसायचं पण नाही.
मग कडा गोल व्हायला लागतात.
थांबा, दाखवतो."

काळा चौकोन उघडला.
पत्र्याची अरुंद खोली, मल्याळम कॅलेंडर,
त्यावर आपल्या जत्रेची तारीख पेनानं गोल केलेली.
वडिलांचं पाठमोरं बनियन.
भट्टीत मूस.
सोनाराच्या दुकानातला केर
झाडून, जाळून, चाळून उरलेला चिमूटभर.
"आज एवढंच निघालं," तो म्हणाला.

बाक कधी रिकामे झाले, मला आवाजही आला नाही.
मुस्कान मुलाणी टाचा उंचावून,
संकेत सगळ्यांच्या पुढं, गुडघ्यांवर.
बाकीच्या दहा चौकोनांतले चार आपोआप उघडले,
दोन कपाळं, एक फिरता पंखा, कुणाची तरी धाकटी बहीण.
मी मागं, दाराशी.
सात मिनिटांचं घड्याळ वाजलं. बंद केलं.

मुशीतला तांबूस खडा
हलला नाही, हलला नाही,
आणि मग सगळा एकदम थरथरला.
कुणीतरी श्वास सोडला,
इथं की तिकडं, कळलं नाही.

संकेतनं विचारलं, "हाताला भाजतं का रे?"
हर्षवर्धननं हात पुढं केला
आणि चित्र अडकलं.
तळहात तसाच राहिला टीव्हीभर,
रेषा, दोन डाग, बोटांची टोकं पिवळी,
लेंगऱ्याच्या भिंतीवर तीन मिनिटं.
मग गेला.

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही,
म्हणजे उठलेलेच होते.

अहवालात एक रकाना असतो, सहभाग, टक्क्यांत.
मी पेन धरून बसले होते
तर संकेत स्टाफरूमच्या दारात,
बोटं पिवळी कशानं होतात?
मला माहीत होतं. सांगितलं नाही.
म्हटलं, त्यालाच विचार,
सकाळी साडेआठला असतो तो,
भट्टी लागायच्या आधी.

"माझ्याकडं फोन नाय, मॅडम."

माझा घे.